अडचण नेमकी कुणाला

शेखर खैरनार सरांना हसताना कुणी पाहिलं आहे का, असा प्रश्न एकदा त्यांच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये निघाला होता. दोघांनी नाही म्हणून सांगितलं, तिसरा आठवत असतानाच सर स्वतः दारात उभे राहिले आणि विषय तिथंच मिटला. माणूस वाईट नव्हे हो. शिकवायला चोख, वेळेला पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आपली कुणी चेष्टा तर करत नाही ना, ही एक धास्ती त्यांनी लहानपणापासून उराशी बाळगली होती. त्या धास्तीपायी चेहरा कायम असा ठेवत की नव्या माणसानं घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारावं. त्र्यंबक रोडवरच्या त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॉडक्शन विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती, आणि यंदा ती आपल्याला मिळणार असं सरांच्या मनानं घेतलं होतं. त्या खुर्चीत कमरेला टेकायला एक उशीसुद्धा त्यांनी घरी नेमून ठेवली होती.

अशात वरून परिपत्रक आलं. विषय: समस्याधारित अध्ययन. प्राचार्य मॅडमनी मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं. फळ्यावरची गणितं खूप झाली. आता मुलांनी खऱ्याखुऱ्या कामाच्या ठिकाणी जावं, तिथली खरीखुरी समस्या शोधावी आणि गटानं मिळून सोडवावी. म्हणजे नोकरीत लागणारी कौशल्यं त्यांच्या अंगी येतील, संवाद येईल, सांघिक काम येईल, दुसऱ्याचं ऐकून घेणं येईल. हे सगळं आलं की नाही ते पाहायला दिवाळीनंतर समिती येईल. एवढं वाचून मॅडमनी समन्वयक कोण होणार, असं विचारलं आणि मान वर केली. बाकी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बुडालेले होते. मीटिंगला मोबाइल न्यायचा नाही हा सरांचा नियम, त्यामुळे अख्ख्या खोलीत मॅडमकडे बघणारा चेहरा एकच होता. काम त्यांच्या गळ्यात पडलं. समिती खूश झाली तर पुढचं मी बघते, असं मॅडम जाता जाता म्हणाल्या, आणि पुढचं म्हणजे खुर्ची हे सरांना समजावून सांगायची गरज नव्हती.

आता पंचाईत अशी की सरांनी आयुष्यभर समस्या घेतल्या त्या पुस्तकातून, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या. त्यांची उत्तरंही मागच्या पानांवर छापलेली. पुस्तकाबाहेर समस्या कुठं मिळते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी एक मोठी चूक केली. कामटवाड्यातल्या आपल्या सोसायटीच्या जिन्यात धोंडीराम पगाऱ्यांना त्यांनी हे विचारलं.

धोंडीराम पगारे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, आणि दुसऱ्यानं कुठल्या रस्त्यानं जावं हे ठरवण्याची सवय अजून गेलेली नव्हती. त्यांनी सरांना सिंहस्थाची गर्दी घ्यायला सांगितली. मुलांना त्र्यंबकेश्वरला नेऊन पार्किंगला उभं करा, समस्या आपोआप येऊन धडकतील, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली की खैरनार सर समस्या गोळा करताहेत, कॉलेजतर्फे, आणि मुलं येऊन त्या सोडवून देणार आहेत. मग काय विचारता. तळमजल्यावरून गळका पाइप आला, तिसऱ्या मजल्यावरून कबुतरं आली, आणि एका आजोबांनी सरांना गच्चीवर नेऊन हळू आवाजात सुनेबद्दल सांगितलं. सरांनी सगळ्यांचं गंभीरपणे ऐकून घेतलं. सुनेची समस्या प्रॉडक्शन विभागात बसत नाही, हे त्या आजोबांना पटवायला अख्खा रविवार गेला.

शेवटी ते सातपूरला गेले. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उदंड, पण समस्या म्हणून एकाही कारखान्यात नाही, हा शोध त्यांना पहिल्याच दिवशी लागला. स्कूटर लावायची, आत जायचं, हात जोडायचे आणि आपल्याकडे काही प्रॉब्लेम आहे का, असं अदबीनं विचारायचं. विचारलं की मालक उठून उभा राहायचा. कुणाला ते टॅक्सवाले वाटले, कुणाला फॅक्टरी इन्स्पेक्टर, एकाला तर युनियनचा नवा माणूस वाटला आणि त्यानं बोलता बोलता शटर अर्धं ओढून घेतलं. चहा मात्र सगळ्यांनी पाजला. आपल्याकडे काही प्रॉब्लेम नाही साहेब, असं मालक सांगायचा, आणि त्याच्या पाठीमागे दोघं जण बंद पडलेल्या मशिनला शिव्या देत असायचे.

पुंजाशेठ आव्हाडांनी तेवढं आत बसवून घेतलं. विजेच्या बटणांचे सुटे भाग बनवणारा त्यांचा कारखाना. मशिनवर पुरुष, आणि पलीकडच्या लांबट शेडमध्ये जुळणीला बायका. शेठ मूळचे सिन्नरचे. सरांची बायको उज्वला हीसुद्धा सिन्नरची, हे बोलण्यात निघालं मात्र, शेठचा सूरच बदलला.

"मग तुम्ही आमचे जावई झाले ना. असं परक्यासारखं काय बसताय? काही लागलं तर मागून घ्यायचं. सिन्नरच्या जावयाला पुंजा आव्हाड नाही म्हणणार नाही."

सरांना हे मनातून बिलकूल आवडलं नाही. पीएचडी केलेल्या माणसाला बायकोच्या गावावरून ओळखावं हा त्यांना अपमान वाटला. पण कारखाना मिळत होता, तेव्हा त्यांनी तो चहाबरोबर गिळला. शेठची अट एकच होती. फाटकाच्या आत प्रॉब्लेम हा शब्द काढायचा नाही. कामगारांच्या कानावर एकदा तो शब्द पडला की नसलेले प्रॉब्लेम उभे राहतात, असा त्यांचा अनुभव होता.

सरांनी ही अट मनावर घेतली. कामगारांना विचारायच्या प्रश्नांचा कागद विद्यापीठाच्या इंग्रजी नमुन्यावरून त्यांनी स्वतःच मराठीत उतरवला होता, आणि त्यात ओळीओळीला प्रॉब्लेम होता. त्याऐवजी समस्या घालावं, तर ते पुस्तकी वाटलं. शेडमधल्या बायकांना परकं वाटेल. बराच विचार करून त्यांना एक साधा, घरगुती, अस्सल मराठी शब्द सुचला. कॉम्प्युटरला त्यांनी हुकूम दिला, आणि एका दमात सगळ्या प्रॉब्लेमच्या जागी अडचण आली. कागद छापून हातात घेतल्यावर सरांना आपल्या मातृभाषेचा अभिमान वाटला.

वर्गात कागद वाटले तेव्हा एक हात अर्धवट वर आला. वैष्णवीचा. ही मुलगी सिन्नरहून रोज बसनं यायची, अभ्यासात हुशार, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. संवादकौशल्याच्या रकान्यात सर तिला दर वेळी इमानदारीनं कमी मार्क द्यायचे. ती उभी राहिली आणि पुटपुटली, "सर, तो शब्द..."

"मोठ्यानं बोला, वैष्णवी," सर म्हणाले. "कामाच्या ठिकाणी पुटपुटून चालत नाही."

वैष्णवी कानापर्यंत लाल झाली, आजूबाजूच्या पोरांकडे तिनं एकदा पाहिलं आणि खाली बसली. सरांनी मार्क कमी केले.

आता राकेशचं ऐका. राकेश म्हणजे वर्गातला बोलका मुलगा, संवादकौशल्यात पैकीच्या पैकी. मराठी त्याला येत होतं, पण क्रिकेटच्या मैदानावर लागतं तेवढंच. जुळणीच्या शेडमध्ये जायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं, आणि वैष्णवीला दुसऱ्या शेडमध्ये मशिनचा वेग मोजायला पाठवून दिलं. शेडमध्ये जाऊन त्यानं बायकांना नमस्कार केला, सरांनी शिकवल्याप्रमाणे आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"प्रश्न पहिला. तुम्हाला अडचण साधारणपणे किती दिवसांनी येते?"

बायकांचे हात थांबले. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी शेजारणीच्या पाठीमागे तोंड लपवलं. राकेशला वाटलं, प्रश्न पोचला नाही. त्यानं तो परत वाचला, आणखी मोठ्यानं. मग दुसरा वाचला: अडचण आल्यावर तुम्ही प्रथम कुणाला सांगता? तिसरा: अडचणीच्या काळात तुमचा कामाचा वेग कमी होतो का? तोवर मशिनवरचे चार पुरुष दारात येऊन उभे राहिले होते आणि एकमेकांना कोपरानं ढोसत होते. राकेशनं त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं आणि चौथा प्रश्न वाचला. अडचण कायमची दूर व्हावी यासाठी तुमच्या काही सूचना आहेत का?

शेडमधली सगळ्यात जुनी बाई म्हणजे पुतळाबाई. ती जागेवरून उठली, राकेशच्या हातातला कागद तिनं काढून घेतला आणि दोन्ही बाजूंनी नीट पाहिला.

"हे कुणी लिव्हलं?"

"आमच्या सरांनी."

"बायको हाय का त्यांना?"

हो, असं राकेशनं सांगितलं. पुतळाबाईनं कागदाची घडी घातली आणि दारातल्या पुरुषांकडे असं काही बघितलं की ते मशिनवर परत गेले. मग तिनं राकेशला फाटकापर्यंत नेऊन सोडलं.

पुंजाशेठचा फोन प्राचार्य मॅडमना गेला, मॅडमचा सरांना आला. सरांच्या पायाखालची वाळू सरकली, पण गंमत अशी की कशासाठी, तेच त्यांना कळेना. मॅडमनी फोनवर नीट सांगितलं नाही. तुमच्या मिसेसना विचारा, म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी कागद उज्वलाबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि खुर्चीवर बसल्या.

"अहो, मी देवघराकडे जात नाही, तेव्हा तुम्हाला काय सांगते?"

"अडचण आहे म्हणून," सर म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं.

वर्षानुवर्षं ह्या एका शब्दावर महिन्याचे काही दिवस देवपूजा त्यांच्याकडे यायची. शब्द कानावर आला की जास्त काही विचारायचं नाही, गुपचूप आंघोळ करून पूजेला बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. घरातला तो शब्द आणि कागदावरचा हा शब्द एकच आहे, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. उज्वलाबाई हसल्या नाहीत. त्याबद्दल सरांना त्यांचे पाय धरावेसे वाटले.

कॉलेजनं मात्र ती कसर भरून काढली. दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले तर फळ्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात अडचण सर असं लिहिलेलं होतं. मार्कांच्या लाल पेनाचा धाक चाळीस पोरांना पुरतो, पण खडूला नाही. लेखी खुलासा द्यावा, असा आदेश निघाला. सदर शब्दाचा दुसरा अर्थ अनवधानानं ध्यानात आला नाही, असं सरांनी लिहून दिलं, तर ऑफिसातून कागद परत: दुसरा अर्थ कोणता, ते स्पष्ट नमूद करावे. सरांनी नमूद केलं, अर्थ सर्वश्रुत आहे. तोही परत आला, सर्वश्रुत असल्यास ध्यानात का आला नाही. इकडे सोसायटीत धोंडीरामांनी त्यांना जिन्यात गाठून तीन मार्ग सुचवले. रजेवर जा, दोष कॉम्प्युटरवर ढकला, नाहीतर सरळ राकेशचं नाव सांगा. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा होता. सरांच्या मनात तो येऊनही गेला, खोटं कशाला बोला, पण पोराचं नाव त्यांनी कागदावर येऊ दिलं नाही.

त्या संध्याकाळी ते ताट तसंच ठेवून बसून राहिले. खुर्ची गेली ह्याचं दुःख होतंच. पण आयुष्यभर ज्या हसण्याला घाबरून तोंड आवळून चाललो ते हसणं शेवटी दारात येऊन उभं राहिलं, हे त्याहून जास्त लागलं होतं. उज्वलाबाईंनी ताट पुढं सरकवलं.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "पण उत्तर काय दिलं त्यांनी?"

"कुणी?"

"त्या बायकांनी. एवढं भर शेडमध्ये विचारलंत, तर उत्तर ऐकायला तरी जा."

सर गेले. माफी मागायची आहे म्हटल्यावर शेठनी सिन्नरच्या जावयाला फाटक उघडून दिलं. वैष्णवीला बरोबर घेतलं, कारण एकट्यानं त्या शेडमध्ये पाऊल टाकायची त्यांची हिंमत नव्हती. जेवणाची सुट्टी होती. डबे उघडून बसलेल्या बायकांपुढे त्यांनी हात जोडले आणि घरून पाठ करून आणलेलं माफीचं भाषण सुरू केलं. त्यात अनवधान हा शब्द तीनदा आला. पुतळाबाईनं त्यांना मध्येच थांबवलं.

"सर, राग आला तो आला. पण एक सांगू का? इतकी वर्सं झाली इथं, हे कुणी कधी इचारलंच नाय आम्हाला. तुमी चुकून का व्हयना, इचारलं." मग तिनं वैष्णवीला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. "तुमी जरा भाईर उभं ऱ्हावा. हिला सांगतो आम्ही."

म्हणून सर बाहेर अंगणात उभे राहिले. समोरच कारखान्याचं संडास होतं, एकच, सगळ्यांना मिळून. दाराची कडी निघालेली, तिच्या जागी तारेचा वेढा. पाण्याचं पिंप रिकामं. दारापाशी मशिनवरचे पुरुष घोळका करून तंबाखू मळत उभे. सर नुसते उभे होते, दुसरं काही करायला नव्हतंच, म्हणून त्यांना ते दिसलं. शेडमधून एक तरुण बाई बाहेर आली, अंगण अर्धं ओलांडलं, घोळक्याकडे तिची नजर गेली, आणि काहीतरी आत विसरल्यासारखी ती परत फिरली. सुट्टी संपेपर्यंत दुसरी कुणी बाई आलीच नाही. सरांना आपल्या घरातलं न्हाणीघर आठवलं, त्याची नवी कोरी कडी आठवली, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

वैष्णवीनं परत येताना सगळं सांगितलं. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. अडचणीच्या दिवसांत घरी राहतात, ती रजा बिनपगारी. घरी राहणं परवडत नाही ती येते आणि दिवसभर जागेवरून उठत नाही. मुकादम कागदावर लिहितो, बायकांना कामाचा उत्साह नाही. ती बोलत होती आणि सर ऐकत होते, आणि ती पुटपुटत नव्हती, हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

"आपण हीच समस्या घेऊ, सर," ती म्हणाली.

सरांचं धाबं दणाणलं. विभाग प्रॉडक्शनचा, समिती विद्यापीठाची, आणि सोडवायचं काय, तर बायकांचं संडास. शिवाय समितीसमोर उद्योगक्षेत्रातले तज्ज्ञ म्हणून मॅडमनी खास बोलावलं होतं ते पुंजाशेठनाच. ते संस्थेच्या अध्यक्षांच्या रोजच्या बैठकीतले. त्यांच्याच तोंडावर त्यांच्या कारखान्याचं हे मांडायचं, म्हणजे खुर्चीची उरलीसुरली आशाही गेली. सर अडखळत म्हणाले, विषय जरा नाजूक आहे, आणि बोलणार कोण?

"मी. माझी आई सिन्नरच्या एमआयडीसीत आहे, सर. मला हे बोलता येईल."

पुढं सरांनी जे केलं त्याला धाडस म्हणावं की भित्रेपणा, हे अजून ठरलेलं नाही. त्यांनी प्रकल्पाला नाव दिलं: जुळणी विभागातील अनुपस्थितीचे विश्लेषण व भौतिक सुविधांची फेररचना. नाव वाचून मॅडम खूश झाल्या आणि पुढचं न वाचताच त्यांनी सही केली. राकेशनं कुणी न सांगता नकाशाचं काम मागून घेतलं. शेडमध्ये तो परत गेला, पुतळाबाईच्या शेजारी फरशीवर बसला, दार कुठल्या बाजूला असावं, कचऱ्याचा डबा कुठं, बादली कुठं, हे विचारलं आणि ती बोलत असताना तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याच्या मार्कांच्या कागदावर ह्या कौशल्याला रकाना नव्हता.

समितीच्या दिवशी हॉल भरला होता. पुंजाशेठ पहिल्या रांगेत, अंगावर कॉलेजनं दिलेली शाल. वैष्णवी उभी राहिली तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले. तिनं अनुपस्थितीचे आकडे सांगितले, आलेख दाखवला, आणि मग सरळ म्हणाली की ह्या रजा अडचणीमुळे होतात. मागच्या बाकांवर खसखस पिकली. समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा सारखा करून विचारलं, अडचण म्हणजे नेमकी कसली?

सरांनी डोळे उघडले.

"मासिक पाळी, सर," ती म्हणाली, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात. "आणि कारखान्यात बायकांना वेगळं संडास नाही. आमची समस्या ही आहे."

खसखस थांबली. मग तिनं राकेशचा नकाशा लावला आणि दार, पाणी, कडी, डबा असं एकेक समजावून सांगितलं. पुंजाशेठ शालीच्या गोंड्यांशी चाळा करत बसले होते; सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या तेव्हा त्यांना उठावंच लागलं.

"काही प्रॉब्लेम नाही," शेठ म्हणाले. "बांधून टाकू."

टाळ्या पडल्या, फोटो निघाले. समितीनं उत्तम असा शेरा दिला, समस्येपुढं सुटली असं लिहिलं आणि ती जेवायला गेली. शेठ शब्दाचे पक्के. महिन्याभरात संडास उभं राहिलं, नकाशाप्रमाणे, शेडच्या मागच्या अंगाला, पांढऱ्या फरशीचं, नळाचं. फीत कापायला मॅडम आणि शेठ, फोटोत मागच्या बाजूला सर. खुर्चीचं नक्की झालं, पुढच्या बैठकीत मंजुरी घेऊ, असं मॅडमनी त्यांच्या कानात सांगितलं. सरांचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात उशी डिकीत घालून त्यांनी कॉलेजात नेलीसुद्धा.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण एके दिवशी तास संपल्यावर वैष्णवी टेबलाशी येऊन उभी राहिली. संडासाला कुलूप घातलं आहे, म्हणाली. घाण होऊ नये, पाहुणे आले तर दाखवता यावं, म्हणून शेठनी किल्ली आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. लागेल त्या बाईनं ऑफिसात यायचं आणि मागायची. ऑफिसात शेठ, मुकादम, येणारे-जाणारे व्यापारी. मुकादम विचारणार, कशाला पाहिजे? पहिल्या दिवशी एक जण गेली होती, ती न मागताच परत आली. त्यानंतर कुणी गेलं नाही. फरशी अजून पांढरीशुभ्र होती.

सरांनी मॅडमना सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, समितीनं सुटली म्हणून लिहिलंय, आता पुढच्या वर्षीच्या गटाला नवीन समस्या द्या, आणि बैठक होईपर्यंत शेठना दुखवू नका. सगळं खरंच होतं. धोंडीरामांना विचारलं असतं तर त्यांनी तीन मार्ग सुचवले असते. सरांनी कुणालाच विचारलं नाही. स्कूटर काढली आणि ते सातपूरला गेले.

ऑफिसात शेठ होते, मुकादम होता, आणि दोन व्यापारी चहा पीत बसले होते. ऑफिसचं दार शेडच्या दिशेला उघडं. शेठनी तोंड भरून स्वागत केलं, या जावई, म्हणाले, खुर्ची दिली. सर बसले नाहीत.

"शेठ, किल्ली पाहिजे होती. मागच्या संडासाची."

"आता? फोटो काढायचाय का?"

"नाही. अडचण आहे."

व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवले. शेडमधले हात थांबल्याचं सरांना पाठीमागून कळलं. मुकादमाच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या होत्या, आणि त्यानं विचारलंच, "कुणाला?"

आयुष्यभर ज्या क्षणाला ते भीत आले होते तो हाच. ह्याच्यासाठीच चेहरा सांभाळला होता. सरांनी मुकादमाकडे बघितलं, मग शेठकडे.

"मला," ते म्हणाले.

मुकादम हसला, एक व्यापारी हसला. शेडमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. शेठ तेवढे हसले नाहीत.

"काही लागलं तर मागून घ्या म्हणाला होतात," सर म्हणाले. "लागलंय. मागतोय. आणि मी एकदाच मागायला येणार आहे, रोज कुणी येणार नाही."

शेठची नजर सरांच्या खांद्यावरून पलीकडे शेडमध्ये गेली, तिथं पुतळाबाई उभी होती, आणि ती खाली बघत नव्हती. शेठनी खण उघडला आणि किल्ली टेबलावर ठेवली. सर शेडमधून चालत मागं गेले, कुलूप उघडलं, आणि कुलूप-किल्ली दोन्ही आपल्या पिशवीत टाकून स्कूटरकडे निघाले. मुकादम धावत आला, अहो सर कुलूप, अहो कुलूप कारखान्याचं आहे, असं ओरडत. ऑफिसच्या दारातून शेठचा आवाज आला.

"जाऊ दे त्यांना. काही प्रॉब्लेम नाही."

ती बैठक अजून झालेली नाही. उशी स्टाफरूमच्या कपाटात आहे, आणि फळ्यावर कोपऱ्यात अडचण सर असं अजून कधीकधी लिहिलेलं असतं. सर ते पुसत नाहीत. कुलूप त्यांच्या घरी शोकेसमध्ये आहे, वैष्णवीच्या गटाच्या फोटोशेजारी. पाहुणे विचारतात, हे कसलं, तेव्हा उज्वलाबाई सरांकडे बघतात. सर म्हणतात, सासरहून मिळालंय, आणि हसतात.